बादलीवरची शीग

अमेरिकेतल्या लॅटिनो स्थलांतरितांचा विषय निघाला की वाद हटकून सीमेवरच्या भिंतीपाशी जातो आणि तिथेच अडकतो. आत कोणी यायचे आणि बाहेर कोणाला काढायचे, एवढ्यावरच तो फिरत राहतो. जे वर्षानुवर्षे आत आहेत, ज्यांनी तोडलेला टोमॅटो त्या देशाच्या बर्गरमध्ये आणि सॅलडमध्ये जातो, त्यांच्या बाजूने उभे राहायचे म्हणजे नेमके काय करायचे, इकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. इथे वळायचे आहे, आणि त्यासाठी फ्लोरिडातले इमॉकली हे गाव डोळ्यांसमोर ठेवायचे आहे. नेपल्स या धनिकांच्या समुद्रकाठच्या शहरापासून तासाभराच्या आत पोहोचता येते असे हे शेतमजुरांचे गाव. तिथले बहुतेक मजूर मेक्सिको आणि ग्वाटेमालाचे, काही हैतीचे. मांडणीसाठी जुन्या शास्त्रार्थाची रीत घेतली आहे, आधी पूर्वपक्ष आणि मग उत्तरपक्ष. उत्तरपक्ष माझा आहे हे आधीच सांगून टाकतो. पूर्वपक्ष मात्र लुटुपुटूचा नाही. त्याचे मुद्दे अमेरिकी शेतमालक, राजकारणी आणि आपल्याकडची भली, सुशिक्षित माणसेही मनापासून मांडतात.

पूर्वपक्ष: माझा दयेला विरोध नाही. इमॉकलीत अन्नछत्रे आहेत. रेडलँड्स ख्रिश्चन मायग्रंट असोसिएशनसारखी संस्था १९६५ पासून शेतमजुरांची मुले सांभाळते, शिकवते. अशा कामाला मीही देणगी देईन. पण मदत वेगळी आणि चळवळ वेगळी. भुकेल्याला जेवू घाला, आजाऱ्याला औषध द्या. त्याच्या नावाने मोर्चे, बहिष्कार आणि कंपन्यांची नाचक्की हे सगळे कशासाठी?

उत्तरपक्ष: पाळणाघराबद्दल आपले दुमत नाही, तेव्हा ते बाजूला ठेवू आणि बादली पाहू. इमॉकलीच्या शेतात टोमॅटो प्लास्टिकच्या बादलीत तोडतात. बादलीत ३२ पौंड माल मावतो, म्हणजे साडेचौदा किलो. ती खांद्यावर घेऊन मजूर ट्रककडे धावतो, वर उभा असलेला माणूस ती रिकामी करतो आणि एका बादलीचे टोकन देतो. या शतकाच्या सुरुवातीला बादलीमागे ४५ सेंटच्या आसपास मिळत, आणि हा दर १९८० च्या सुमारापासून जवळजवळ जागचा हललेला नव्हता. हिशेब करून पाहा. ५० डॉलर हातात पडायला १११ बादल्या, म्हणजे सोळाशे किलोंहून अधिक टोमॅटो एका माणसाने एका दिवसात तोडायचे. त्यातही काठापर्यंत भरलेली बादली चालत नसे. वर शीग हवी. शीग नसेल तर ट्रकवरचा माणूस बादली नाकारी, कधी शिव्या देई, कधी हातही उचली. त्या शिगेत साधारण दहावा हिस्सा माल जादा जाई आणि त्याचा दाम मजुराला मिळत नसे. म्हणजे रात्री अन्नछत्रात जेवणाऱ्या माणसाच्या दर दहा बादल्यांमागे एका बादलीची मजुरी सकाळीच कोणीतरी खिशात घातलेली असे. अन्नछत्राने त्याचे पोट भरेल, पण बादलीवरची शीग उतरणार नाही. ती उतरवायची तर ज्याच्या ट्रकवर ती ओतली जाते त्याच्याशीच बोलावे लागते, आणि एकटा मजूर ते बोलू शकत नाही.

दयेचा प्रयोग तर तिथे आधीच होऊन गेला होता. १९६० साली थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी सीबीएस वाहिनीने एडवर्ड मरो यांचा ‘हार्वेस्ट ऑफ शेम’ हा माहितीपट दाखवला. सणाच्या मेजवानीतल्या भाज्या कोणाच्या हातांनी आल्या, हे त्यात होते. देश हळहळला. पण हळहळीने मूळ अन्याय मिटत नसतो. १९३५ च्या कामगार संबंध कायद्याने बहुतेक अमेरिकी कामगारांना संघटनेचा हक्क दिला आणि शेतमजुरांना त्यातून वगळले. १९३८ च्या किमान वेतन कायद्यानेही तेच केले. दक्षिणेतल्या पुढाऱ्यांना तेव्हाचा काळा शेतमजूर ताब्यात हवा होता, हे त्यामागचे एक मोठे कारण. पुढे किमान वेतन काही प्रमाणात आले, ओव्हरटाइमचा केंद्रीय हक्क आजही नाही. काळ्या मजुराच्या जागी लॅटिनो मजूर आला आणि कायद्यातली ती फट त्याला वारशाने मिळाली. १९९३ मध्ये इमॉकलीत काही मजूर एकत्र बसू लागले आणि त्यातून ‘कोअलिशन ऑफ इमॉकली वर्कर्स’ उभी राहिली, ती या पार्श्वभूमीवर. १९९६ मध्ये पाणी प्यायला थांबलेल्या एका कोवळ्या ग्वाटेमाली मुलाला मुकादमाने रक्तबंबाळ होईपर्यंत मारले. त्या रात्री शेकडो मजूर त्याचा रक्ताळलेला सदरा घेऊन मुकादमाच्या दारावर गेले. तो मोर्चा निघाला नसता तर दुसऱ्या दिवशी त्या मुलाला फार तर मलमपट्टी मिळाली असती.

पूर्वपक्ष: मारहाण कोणाला मान्य असेल? पण तुम्ही मुख्य गोष्टीला बगल देता आहात. यातले कित्येक जण बिनकागदपत्रांचे आहेत. कायदा मोडून आलेल्याला हक्कांचे धडे देणे म्हणजे रांगेत उभ्या असलेल्याची थट्टा. तुमचेच मराठी अभियंते ग्रीन कार्डासाठी दशकभर वाट पाहतात, ते काय मूर्ख?

उत्तरपक्ष: ग्रीन कार्डाच्या रांगेचे दुःख खरे आहे, पण ती रांग टोमॅटो तोडणाऱ्याने अडवलेली नाही. देशवार कोटा अमेरिकी काँग्रेसने ठरवला. आणि बिनकागदपत्रांचा म्हटल्यावर फक्त मेक्सिकन चेहरा डोळ्यांपुढे आणणेही बरोबर नाही. प्यू संशोधन केंद्राच्या अंदाजानुसार भारतातून गेलेले असे लोक सुमारे सात लाख आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये लष्करी विमानातून बेड्या घालून अमृतसरला उतरवले गेले ते भारतीयच होते.

आता कायद्याचे बोलू. १९८६ च्या सुधारणा कायद्याने एका बाजूने सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर दर्जा दिला आणि दुसऱ्या बाजूने बिनकागदपत्रांच्या माणसाला जाणूनबुजून कामावर ठेवणे हा मालकाचा गुन्हा ठरवला. गंमत ‘जाणूनबुजून’ या अटीत आहे. मालकाने कागद पाहिला, तो वरवर खरा वाटला, की मालक सुटला, मधे मुकादम असेल तर आणखीच सुटला. तेव्हा कायदा दोघांनी मोडला तरी भीती एकाच्याच वाट्याला आली. २००२ मध्ये ‘हॉफमन प्लास्टिक’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला की संघटना बांधल्याबद्दल बेकायदा काढून टाकलेल्या मजुराकडे कागदपत्रे नसतील तर त्याला काढून टाकल्यानंतरच्या काळाच्या पगाराची भरपाई मागता येणार नाही. न्यायमूर्तींचा हेतू काहीही असो, मालकाच्या कानी गेलेला निरोप सरळ होता. कागद नसलेला मजूर स्वस्त पडतो, कारण त्याच्यावर केलेला अन्यायही स्वस्त पडतो. म्हणजे कायद्याबद्दल आदर हवा असेल तर कायदा मोडण्यातला हा नफा आधी संपवायला हवा. तो संपवायची एकच वाट आहे, सगळ्यांत घाबरलेल्या मजुरालाही निर्भयपणे तक्रार करता यावी. पिकांवर राबणाऱ्या अमेरिकी मजुरांत सुमारे ४० टक्के बिनकागदपत्रांचे आहेत, उरलेले त्याच सरीत शेजारी काम करणारे नागरिक आणि कागदपत्रे असलेले स्थलांतरित. बादलीवरची शीग ट्रकवरचा माणूस कागद बघून मागत नसे, सगळ्यांकडेच मागे.

पूर्वपक्ष: ठीक. मग शेतमजुरांचा सर्वांत मोठा नेता काय म्हणत होता ते सांगा. सेझार चावेझ स्वतः मेक्सिकन वंशाचा. १९७४ मध्ये त्याच्याच संघटनेने बिनकागदपत्रांच्या मजुरांविरुद्ध मोहीम काढली, त्यांची नावे स्थलांतर खात्याकडे दिली. का? कारण संप पुकारला की मालक सीमेपलीकडून स्वस्त हात आणून तो फोडत. पुरवठा वाढला की दर पडतो, हे अर्थशास्त्र नाकारून कसे चालेल?

उत्तरपक्ष: हा तुमचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे आणि तो चावेझच्या पुतळ्यांना हार घालणारे सहसा सांगत नाहीत. संप फोडले जात होते, ही तक्रार खरी होती. पण उपाय चालला का? स्थलांतर खात्याने माणसे उचलली, मालकांनी दुसरी आणली, आणि दोन गरिबांत वैर तेवढे उरले. पुढे त्याच संघटनेने भूमिका बदलली आणि कायदेशीर दर्जाची मागणी केली.

पुरवठा आणि दर याचा तर इतिहासाने जवळजवळ प्रयोगच करून दाखवला आहे. १९४२ पासून ‘ब्रासेरो’ योजनेखाली मेक्सिकन मजूर करारावर येत. देशी मजुरांची मजुरी वाढावी म्हणून १९६४ अखेर ही योजना बंद झाली आणि सुमारे पाच लाख हंगामी मजूर बाहेर राहिले. मायकेल क्लेमेन्स, ईथन लुइस आणि हॅना पोस्टेल या अभ्यासकांनी २०१८ मध्ये त्या काळची आकडेवारी तपासली. जिथून ब्रासेरो गेले त्या राज्यांत मजुरी इतर राज्यांपेक्षा जास्त वाढल्याचे काही दिसले नाही. मालकांनी यंत्रे आणली, पिके बदलली. कॅलिफोर्नियात सॉस-केचपच्या टोमॅटोसाठी तोडणीयंत्र झपाट्याने आले ते याच वर्षांत. ताज्या टोमॅटोला यंत्र चालत नाही, तो हातानेच तोडावा लागतो. तिथे काय होते ते २०११ मध्ये दिसले. जॉर्जिया आणि अलाबामा या राज्यांनी कडक स्थलांतर कायदे केले, मजूर पळाले, माल शेतात पडून राहिला. जॉर्जियाच्या गव्हर्नरने शिक्षा होऊन देखरेखीखाली असलेल्या बेकार लोकांना शेतावर पाठवायचा प्रस्ताव मांडला. त्यातले काही आले आणि बरेच जण लगेच काम सोडून गेले. माणसे हाकलून दर वाढतो हे गणित कागदावर सुटते, शेतात सुटत नाही. शेतात दर ठरतो तो कोणाला नाही म्हणता येते यावर.

पूर्वपक्ष: मग कायदेशीर व्हिसा द्या, प्रश्न मिटला. चळवळीची गरजच उरत नाही.

उत्तरपक्ष: व्हिसा आहे. एच-२ए त्याचे नाव. २००५ च्या सुमारास या व्हिसासाठी पन्नास हजारांच्या आत जागा मंजूर होत, आता वर्षाला साडेतीन लाखांहून अधिक होतात. पण हा व्हिसा एका मालकाला बांधलेला असतो. नोकरी सोडली आणि लवकर दुसरा मंजूर मालक मिळाला नाही, की देशात राहण्याचा हक्क संपला. त्यात गावाकडच्या दलालाला पैसे मोजून आलेला मजूर कर्जात असतो. फ्लोरिडातल्या एका कंत्राटदाराला २०२२ मध्ये जवळजवळ दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याने वेठीला धरलेले मेक्सिकन मजूर कायदेशीर एच-२ए व्हिसावरच आले होते. कागद असूनही त्यांचे पासपोर्ट काढून घेतले गेले. कागद हवाच, पण नुसत्या कागदाने माणूस मोकळा होत नाही.

पूर्वपक्ष: तक्रारीसाठी सरकार आहे, न्यायालय आहे. तुमच्या मजुरांनी मात्र टाको बेल या फास्ट फूड साखळीवर बहिष्कार टाकला. टाको बेल त्यांचा मालकही नाही. ज्याचा संबंध नाही त्याला बदनाम करून पैसे उकळणे, याला साध्या भाषेत काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे.

उत्तरपक्ष: संबंध आहे, आणि तो ओळखणे हेच इमॉकलीच्या मजुरांचे खरे कर्तृत्व. त्यांनी आधी शेतमालकांविरुद्ध सगळे करून पाहिले. संप झाले. १९९७-९८ च्या हिवाळ्यात सहा मजुरांनी तीस दिवस उपोषण केले, ते माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या विनंतीवरून सुटले. २००० मध्ये फोर्ट मायर्सहून ऑर्लँडोपर्यंत पायी मोर्चा गेला. हाती चिल्लर आली. मग त्यांच्या ध्यानात आले की शेतमालकाचा गळाही कोणीतरी धरलेला आहे. टनावारी खरेदी करणाऱ्या फास्ट फूड साखळ्या आणि सुपरमार्केट भाव पाडून मागतात, खते-बियाणांचा खर्च मालकाच्या हातात नसतो, आणि जो एकच खर्च त्याला दाबता येतो तो म्हणजे मजुरी. तेव्हा मागणी अशी केली, पौंडामागे एक सेंट जादा द्या आणि जो शेतमालक मजुरांना नीट वागवील त्याच्याकडूनच माल घ्या. एक सेंट म्हणजे बादलीमागे ३२ सेंट. ४५ चे ७७ व्हावेत. ग्राहकाच्या बर्गरमधल्या चकतीवर त्याचा भार सेंटच्या एखाद्या अंशाएवढा. २००१ मध्ये सुरू झालेला टाको बेलवरचा बहिष्कार मार्च २००५ मध्ये करार होऊन संपला. मॅकडोनाल्ड्सने २००७ मध्ये सही केली, बर्गर किंगने २००८ मध्ये. या दरम्यान फ्लोरिडाच्या टोमॅटो उत्पादकांच्या संघाने काय केले? जो सभासद हा जादा सेंट मजुरांपर्यंत पोहोचवील त्याला एक लाख डॉलर दंडाची धमकी दिली. पैसे दुसरा देतो आहे, तरी ते मजुराला पोहोचू द्यायचे नाहीत! इथे बाजार मोकळा नव्हता, हे यापेक्षा स्पष्ट कसे दिसावे? नोव्हेंबर २०१० मध्ये तो संघही करारात आला, जानेवारी २०१४ मध्ये वॉलमार्ट.

सरकार आणि न्यायालय म्हणालात. २००७ मध्ये इमॉकलीतच काही मजूर एका बंद मालट्रकच्या छताला भोक पाडून पळाले. त्यांना रात्री त्यात कोंडून ठेवत आणि बागेच्या नळीने अंघोळ करायचे पाच डॉलर कापून घेत. दोघा मुख्य दोषींना प्रत्येकी बारा वर्षांची शिक्षा झाली. अशा खटल्यांत मजुरांच्या संघटनेने पुरावे मिळवून सरकारला मदत केली आणि हजाराहून अधिक लोक सुटले. न्यायालयाने आपले काम केले, पण गुन्हा घडून गेल्यावर. २०११ च्या हंगामापासून लागू झालेल्या ‘फेअर फूड प्रोग्रॅम’ची रीत उलटी आहे. बादली काठाच्या पातळीपर्यंत, शीग नाही. कामाचे तास घड्याळात नोंदवायचे. शेतात सावली आणि पाणी. लैंगिक छळ किंवा वेठबिगारी सापडली तर शेतमालकाचा माल करारातल्या कंपन्यांना बंद. तक्रारीसाठी चोवीस तास फोन, आणि तक्रार करणाऱ्यावर सूड उगवणे हाच वेगळा गुन्हा. तपासनीस शेतावर निदान निम्म्या मजुरांशी बोलतात. ही तपासणी करणाऱ्या संस्थेची धुरा न्यूयॉर्कच्या निवृत्त न्यायाधीश लॉरा सेफर एस्पिनोझा यांनी वाहिली. आणि हक्क समजावून सांगायला मजूरच मजुरांकडे जातात, स्पॅनिशमध्ये, हैतीच्या क्रिओलमध्ये. जादा सेंटातून आजवर तीन कोटी डॉलरहून अधिक रक्कम मजुरांच्या पगारात गेली आहे. पैसे उकळणे असते तर शेतमालक कधीच पळाले असते. उलट मजूर टिकू लागले, कोर्टकज्जे कमी झाले, हे मालकांनाही सोयीचे ठरले.

पूर्वपक्ष: सगळे मान्य केले तरी हे एका पिकापुरते आहे. पब्लिक्स ही सुपरमार्केट साखळी आणि वेंडीज ही बर्गर साखळी तुमच्या करारात नाहीतच. मोठ्या धोरणापुढे अशा संघटनेची काय मातब्बरी? फ्लोरिडाने २०२३ मध्ये स्थलांतरितांविरुद्ध कडक कायदा केला, २०२४ मध्ये तर स्थानिक संस्थांना उन्हापासून संरक्षणाचे नियम करायलाच मनाई केली. धाडींच्या गाड्या आल्या की तुमचा तक्रारीचा फोन कोण उचलणार?

उत्तरपक्ष: यातले बरेचसे बरोबर आहे आणि त्यावर मला जोरकस उत्तर नाही. धाडीपासून हा करार कोणाला वाचवत नाही. कागदपत्रांचा प्रश्न वॉशिंग्टनलाच सोडवावा लागेल आणि १९८६ नंतर तिथे त्या आकाराचे काही घडलेले नाही. पण तुम्ही दिलेल्याच उदाहरणाकडे पाहा. उन्हाच्या नियमांना राज्याने मनाई केली ती शहरांना आणि काउंट्यांना. फेअर फूडच्या शेतांत सक्तीची विश्रांती आणि सावली चालूच राहिली, कारण ती कंपनी आणि मजूर यांच्यातल्या करारातली अट आहे. सरकार फिरले की कायदा फिरतो, करार मात्र तसा फिरत नाही. व्यवहाराचाही एक विनोद पाहा. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने मेक्सिकोच्या टोमॅटोवर सतरा टक्क्यांच्या वर शुल्क बसवले, फ्लोरिडाच्या उत्पादकांना वाचवायला. मेक्सिकोचा टोमॅटो नको आणि मेक्सिकोचा माणूसही नको, पण फ्लोरिडाचा टोमॅटो तोडायला हात मेक्सिकोचेच लागतात. एका पिकापुरते म्हणाल तर तेही आता उरलेले नाही. हा कार्यक्रम दुसऱ्या राज्यांत आणि पिकांत गेला. याच धर्तीचा, खरेदीदार ब्रँडला बांधून घेणारा करार २०२२ मध्ये तमिळनाडूत दिंडीगुलच्या कापड गिरणी कामगार स्त्रियांनी केला, त्यात एचअँडएम ही कपड्यांची कंपनी सामील झाली.

पूर्वपक्ष: पण मराठी वाचकाने हे कशासाठी वाचायचे? इमॉकली कुठे, आपण कुठे?

उत्तरपक्ष: कारण मुकादम आपल्याला इंग्रजीतून शिकावा लागत नाही. बीडहून उचल घेऊन ऊसतोडीला निघालेली कोयत्यावरची जोडी, तिचा खाडा, तिचा फिटता न फिटणारा हिशेब हे मराठवाड्याला सांगायला नको. त्या बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी करायला विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट या वृत्तसंस्थेने याच उसाची साखर कोका-कोला आणि पेप्सीला जाते हे मांडले. इथेही मदत आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृहे निघाली, महामंडळ निघाले, आणि ती हवीतच. तोडणीच्या दराचा करारही दर काही वर्षांनी कामगार संघटना आणि साखर संघ यांच्यात होतो, घासाघीस होते, दर वाढतो. पण साखर विकत घेणाऱ्या शीतपेय कंपनीची सही त्या करारावर नसते.